धागा: सांडपाण्याची लाईन आणि हवेचा पाईप, आखणीपासून टेस्टिंगपर्यंत

नवशिका अमळनेर
नमस्कार मंडळी. आयटीआयला प्लंबर ट्रेड चालू आहे. नळाचं काम जमतं, ड्रेनेज आणि व्हेंट मात्र स्वतः आखायला शिकायचंय. सरावाला हा प्लॅन घेतला आहे, त्यावर बोला.

प्लॉट ३० बाय ५० फूट. खाली मागच्या बाजूला स्वयंपाकघर, मोरी आणि संडास. वरच्या मजल्यावर त्याच शाफ्टला (पाईपांसाठी सोडलेल्या उभ्या जागेला) लागून संडास-बाथरूम, आणि बाहेर हॉलमध्ये हात धुवायचं बेसिन. बेसिन शाफ्टपासून ११ फूट लांब आहे. मैला टाकी पुढच्या अंगणात, शाफ्टपासून ४० फूट. घरात सहा माणसं. माती काळी. प्रश्न असे: ढाळ किती द्यायचा? हवेचा पाईप वेगळा लागेल की स्टॅक, म्हणजे सांडपाण्याचा उभा पाईप, वर नेला की झालं? पाईप कोणता घ्यायचा?

गुनिया ओळंबा
भाऊ, ढाळाचं नंतर बघू. आधी हवेचं समजून घे, कारण आपल्याकडे नव्या बांधकामातल्या वासाच्या बहुतेक तक्रारी तिथूनच येतात आणि लोक फिनेल ओतत बसतात.

भांड्याखालच्या वाकड्या भागाला ट्रॅप म्हणतात. प्रत्येक ट्रॅपमध्ये पाणी साचलेलं असतं, त्याला सील म्हणतात. गटारातली हवा आणि घरातली हवा यांच्यामध्ये तेवढाच पडदा. नहाणी ट्रॅपला (मोरी-बाथरूमच्या फरशीतल्या) आणि संडासाच्या भांड्याला तो किमान ५० मिमी हवा. आता वरच्या मजल्यावर फ्लश केला की पाण्याचा लोंढा उभ्या पाईपातून खाली येतो आणि पुढची हवा दाबत, मागची हवा ओढत जातो. मागे हवा कमी पडली की जवळच्या ट्रॅपमधलं पाणी ओढलं जातं. खाली, जिथे उभा पाईप आडवा होतो तिथे उलट होतं. पाणी अडखळतं, हवा दाबली जाते आणि तळमजल्याच्या ट्रॅपमधून बुडबुडे येतात. ती गुडगुड ऐकू आली की समज, हवेला वाट नाही.

पद्धतशीर आखणीत ट्रॅपवरचा दाब पाण्याच्या २५ मिमी उंचीपेक्षा जास्त वर-खाली होऊ देत नाहीत. ५० मिमीच्या सीलमधले २५ गेले तरी २५ शिल्लक राहतात. आपल्याकडे मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४४-४५ वर जातो, तेव्हा उरलेलं पाणी वाफेनेही उडतं. म्हणून खान्देशात सीलच्या बाबतीत कंजुषी करायची नाही. ट्रॅप घेताना दुकानातच पाणी ओतून पट्टीने खोली मोजायची. ३५-४० मिमीचे ट्रॅपही सर्रास विकले जातात.

तुझ्या प्लॅनमध्ये ११० मिमीचा स्टॅक त्याच मापात सरळ गच्चीच्या वर नेला की वरच्या संडास-बाथरूमची सोय झाली. वर जाताना पाईप बारीक करायचा नाही. तळमजला त्या स्टॅकला जोडूच नको. खालचा संडास स्वतंत्र ११० मिमीने थेट चेंबरमध्ये आण, मोरी आणि स्वयंपाकघर गली ट्रॅपमार्गे, म्हणजे चेंबरच्या आधी बाहेर जमिनीत बसवतात त्या ट्रॅपमधून. मग वरच्या लोंढ्याचा दाब खाली येत नाही. बेसिनचं मात्र वेगळं बघावं लागेल.

पांझराकाठ
बेसिनचं मी सांगतो, कारण शिकण्यासारखं तिथेच आहे.

ट्रॅपपासून स्टॅकपर्यंतचा आडवा पाईप उतरत जातो. तो उतार जिथे पाईपच्या व्यासाएवढा होतो, तिथे पाईपची वरची कड ट्रॅपमधल्या पाण्याच्या पातळीखाली जाते. पाईपच्या वरच्या भागातून ट्रॅपपर्यंत जी हवा पोचत होती, तिची वाट तिथे बंद. बेसिन भरून सोडलं की पाणी सायफन होऊन ट्रॅप कोरडा. अमेरिकन नियमाचं मूळ हेच: ट्रॅपपासून हवेच्या पाईपपर्यंतचा एकूण उतार एका व्यासापेक्षा जास्त नको.

हिशोब कर. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. फुटाला दोन सूत म्हणजे १:४८. ४० मिमी पाईप ४० मिमी उतरायला सुमारे १.९ मीटर घेईल, ५० मिमीचा २.४ मीटर, म्हणजे आठ फूट. तुझं बेसिन ११ फुटांवर. ५० मिमी घेतला तरी पुरत नाही. हवा द्यावीच लागेल.

तापीखोरं
पांझराकाठ दादा, ब्रिटिश कोष्टकात ५० मिमीची बिनव्हेंटची फांदी (भांड्यापासून स्टॅकपर्यंतचा आडवा पाईप) ४ मीटरपर्यंत चालते, मीटरला १८ मिमी उताराने. ११ फूट म्हणजे ३.३५ मीटर. मग हवेची गरज काय?

पांझराकाठ
प्रश्न रास्त आहे. ते आकडे ७५ मिमी सीलचा ट्रॅप गृहीत धरून आहेत. आपल्या दुकानातला बॉटल ट्रॅप खोलून मोजा, बहुतेक वेळा ५० च्या आसपास भरतो. ७५ चा खात्रीचा ट्रॅप मिळत असेल तर ब्रिटिश आकडा धरा, नाहीतर एक व्यासाचा नियम. दोन्ही कोष्टकांतला सोयीचा भाग उचलून एकत्र करू नका.

हवा कशी द्यायची ते. बेसिनच्या ट्रॅपनंतर पाईप भिंतीत जातो, तिथे उभा टी टाकायचा. टीच्या खालच्या तोंडातून पाणी जाईल, वरच्या तोंडातून ४० मिमीचा कोरडा पाईप सरळ वर. तो बेसिनच्या काठाच्या किमान १५० मिमी वर जाईपर्यंत आडवा वळवायचा नाही. बेसिनचा काठ फरशीपासून ८०० ते ८५० मिमी असतो, म्हणजे एक मीटरच्या वरच वळवायचं. कारण असं की खाली पाईप तुंबला तर पाणी बेसिनमध्ये चढून दिसलं पाहिजे. हवेचा पाईप खालीच आडवा केला असेल तर सांडपाणी त्यातून जात राहतं, घाण साचते आणि तुंबलंय हे कुणालाच कळत नाही. वळल्यावर आडव्या भागाला ढाळ परत बेसिनकडे, म्हणजे वाफेचं पाणी खाली निथळेल. शेवटी स्टॅकला सगळ्यात वरच्या फांदीच्याही वर जोडायचा.

आडव्या पाईपवरून हवा घ्यायची वेळ आली तर वाय फिटिंग कुशीवर ठेवायचं नाही. तोंड पाईपच्या मध्यरेषेच्या वर आणि ४५ अंशापेक्षा उभं हवं, नाहीतर पाण्याबरोबर येणारा गाळ त्यात शिरून बसतो.

चाळीसगाव साईट
पाईपबद्दल. संडास आणि सांडपाण्याला एसडब्ल्यूआर (सॉईल, वेस्ट, रेन) पाईप, भारतीय मानक आयएस १३५९२ चा. त्यात दोन प्रकार असतात. टाईप ए हवेला आणि पावसाच्या पाण्याला, टाईप बी संडास-मोरीला. ११० मिमीत टाईप बीची जाडी किमान ३.२ मिमी, एची २.२. पाईपावर छापलेलं असतं, वाचून घ्या. जमिनीत गाडायचा तो वेगळा, आयएस १५३२८ चा.

आपल्याकडे शेतीचा पाईप गावोगाव मिळतो आणि व्यासही ११० च, म्हणून तोच संडासाला लावतात. पाईप पाणी वाहून नेईलही, खरा घोटाळा फिटिंगमध्ये आहे. शेतीच्या टीला आणि एल्बोला गोलाई नसते, काटकोनात पाणी आदळतं. साफ करायला झाकणही नाही. ड्रेनेजच्या फिटिंगमध्ये डोअर बेंड, डोअर टी, वाय ही गोलाईची फिटिंगं असतात. आडव्याला आडवा जोडताना नेहमी वाय आणि ४५ चा बेंड. टी फक्त आडवी फांदी उभ्या स्टॅकला जोडताना.

स्टॅकच्या पायाला ९० चा एक बेंड नको, ४५ चे दोन आणि मध्ये छोटा तुकडा. त्याच्या वर हाताला येईल अशा उंचीवर डोअर टी. वर संडासाच्या फांदीच्या बरोबर समोरून दुसरी फांदी घेऊ नका. संडासाच्या मध्यरेषेपासून खाली २०० मिमीपर्यंत समोरची बाजू मोकळी सोडा, नाहीतर संडासाचं पाणी समोरच्या बाथरूमच्या पाईपात घुसतं.

नवशिका अमळनेर
ढाळाचं राहिलं. फुटाला दोन सूत सगळीकडे चालेल का? एका मिस्त्रींनी सांगितलं, जितका जास्त तितका चांगला. आणि गाडलेली लाईन १६० ची टाकली तर तुंबणार नाही ना?

गुनिया ओळंबा
११० पर्यंत दोन सूत बिनधास्त. ४० फुटाला ८० सूत, म्हणजे दहा इंच, २५० मिमी धर. स्टॅकच्या पायाशी पाईपचा तळ जमिनीखाली ४५० मिमी ठेवलास तर टाकीशी तो ७०० वर येईल. टाकीत जाणारा पाईप ७०० वर, म्हणून बाहेर पडणारा ७५०, कारण तो ५० मिमी खाली ठेवतात. हे गणित खोदाईच्या आधी कागदावर झालं पाहिजे. टाकी आधी बांधून घेतली आणि मग ढाळ पुरला नाही, असं फार घरांत होतं. मग लाईन सपाट टाकतात आणि दर दोन महिन्यांनी बांबू.

१६० नको. एका घराचं पाणी १६० मध्ये तळाशी पसरतं, खोली मिळत नाही आणि मैला तरंगत नाही. ११० मध्ये तेच पाणी उंच चढून मैला घेऊन जातं. पाण्याला स्वच्छ वाहायला सेकंदाला पाऊण मीटर वेग लागतो.

जास्त ढाळाचं म्हणशील तर चेंबर ते चेंबर लाईनला दोनाचे तीन सूत झाले म्हणून बिघडत नाही. पण ट्रॅप ते हवा या टप्प्यात ढाळ वाढवलास की वर सांगितलेला एक व्यास लवकर संपतो. तिथे दोन सूत म्हणजे दोनच. पातळी लेव्हल ट्यूबने घे, दर पाईपाला. दोरी ताणून डोळ्याने नको, दहा फुटाला दोरी मधे झोळ खाते.

रावेरकर ताई
काळ्या मातीकडे लक्ष द्या, नवशिका दादा. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात. पाईप थेट तिच्यावर ठेवला की वर्षभरात कुठे उचलला जातो, कुठे बसतो. ढाळ नाहीसा होतो आणि पाण्याची डबकी पाईपातच राहतात.

चर पाईपाच्या रुंदीपेक्षा ३०० मिमी जास्त रुंद घ्या. तळाची १५० मिमी काळी माती काढून कच किंवा वाळू भरा, ठोकून लेव्हल करा. सॉकेटच्या जागी छोटी खळी करा, म्हणजे पाईप अंगावर टेकेल, सॉकेटवर लटकणार नाही. बाजूने आणि वर १५० मिमीपर्यंत तीच वाळू, मग मुरूम. निघालेली काळी ढेकळं पाईपावर परत टाकू नका. खाली कडक काँक्रीटचा पट्टा ओतला तर फुगणाऱ्या मातीत तोच तडकतो आणि पाईपालाही घेऊन जातो. जोड रबर रिंगचे ठेवा, सोल्युशनचे नको. प्लिंथच्या भिंतीतून पाईप जातो तिथे चहूबाजूंनी ५० मिमी मोकळीक सोडा. भिंत बसली तरी पाईप कापला जायला नको.

आता शोषखड्डा, म्हणजे टाकीतून बाहेर पडणारं पाणी जमिनीत मुरवायचा खड्डा. मे महिन्यात काळ्या मातीत खड्डा करून पाणी ओतलं तर भेगा घटाघट पिऊन टाकतात आणि वाटतं, छान मुरतंय. जुलैत तीच माती फुगून बंद होते. म्हणून चाचणी अशी करा: शोषखड्ड्याच्या तळाच्या पातळीवर फूटभर रुंद भोक, तळाला दोन इंच खडी, पाणी भरून रात्रभर भिजू द्यायचं. दुसऱ्या दिवशी परत भरून पातळी २५ मिमी उतरायला किती मिनिटं लागतात ते मोजायचं. ३० मिनिटांच्या आत असेल तर शोषखड्डा चालेल. तासावर गेलं तर त्या थरात खड्डा करून पैसे घालवू नका. काळ्या थराखाली मुरूम लागत असेल तर खड्डा मुरमापर्यंत न्या आणि चाचणी तिथे घ्या.

आणखी एक. पिण्याच्या विहिरीपासून किंवा बोअरपासून शोषखड्डा १८ मीटर लांब हवा. ३० बाय ५० च्या प्लॉटमध्ये स्वतःचाच काय, शेजारच्याचा बोअरही त्या १८ मीटरच्या आत येतो. आधी आजूबाजूचे बोअर नकाशावर टाका. गल्लीत नगरपालिकेची भुयारी गटार आली असेल तर तोच मार्ग घ्या.

तापीखोरं
ताईंच्या मुद्द्याला जोडून टाकीचं. दहा माणसांपर्यंतचं माप आयएस २४७० प्रमाणे आत २ मीटर लांब, ०.९ रुंद, पाण्याची खोली १ मीटर. हे दरवर्षी उपसा करणार असाल तर. दोन वर्षांनी करायचा तर खोली १.४. सहा माणसांच्या घरालाही हेच धरा, पाहुणे येतात. आत येणाऱ्या पाईपाला टी लावून खालचं तोंड पाण्यात ३०० मिमी बुडवा.

टाकीला स्वतंत्र हवेचा पाईप लागतोच, किमान ५० मिमी. टाकी इमारतीपासून १५ मीटरच्या आत असेल तर तो इमारतीच्या माथ्यापासून २ मीटर वर न्यायचा असतो. तुमची टाकी अंगणात आहे, म्हणजे पुढच्या भिंतीला लावून वर. कुंपणाच्या भिंतीवर तीन फुटी पाईपाचं टोपी घातलेलं बोटूक उभं करतात, ते नको. सगळा वास ओसरीवर. तोंडाला डासाची जाळी, आणि जाळी दरवर्षी बघायची.

जुन्या टाकीला नवी लाईन जोडायची असेल तर झाकण उघडून डोकं आत घालू नका, कुणाला आत उतरवूही नका. आतला वायू एका श्वासात माणूस पाडतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही जातो. माणसाला अशी जोखमीची सफाई करायला लावणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. उपसा मशीनच्या गाडीनेच.

पांझराकाठ
गच्चीवरचं तोंडही तसंच. आपल्याकडे उन्हाळ्यात गच्चीवर झोपतात, पापड-कुरडया वाळत घालतात. स्टॅक कठड्याएवढा ठेवून चालत नाही. गच्चीच्या स्लॅबपासून २ मीटर वर न्या आणि वर काऊल, म्हणजे जाळीची टोपी. तीन मीटरच्या आत जिन्याच्या खोलीची खिडकी असेल तर तिच्याही मीटरभर वर. कूलरच्या तोंडासमोर तर चुकूनही नको, तो सगळा वास ओढून घरात फेकतो.

गच्चीचं पावसाचं पाणी या पाईपात सोडायचा मोह टाळा. पहिल्या जोरदार पावसात टाकीतला मैला ढवळून बाहेर.

नवशिका अमळनेर
एक वाल्व्ह मिळतो, हवा आत घेतो, बाहेर सोडत नाही. बेसिनला ४० मिमीचा पाईप वर नेण्याऐवजी तो लावला तर? आणि स्टॅकवरही तोच लावला तर गच्चीत पाईप नको.

गुनिया ओळंबा
बेसिनला चालेल, जर तो ट्रॅपच्या वर, हात पोचेल आणि हवा मिळेल अशा जागी असेल. प्लास्टरमध्ये गाडलास तर फुकट. रबराची चकती उन्हाने आणि धुळीने कडक होते, बदलावी लागते. स्टॅकवर मात्र नाही. दाब वाढला तर तो वाल्व्ह बंदच राहतो आणि हवा ट्रॅप फोडून घरात येते. लाईनला एक तरी उघडं तोंड आकाशात हवंच.

चाळीसगाव साईट
मालाची यादी काढून ठेवतो. स्टॅक: जमिनीखाली दीड फूट, प्लिंथ दीड, दोन मजले वीस, गच्चीवर साडेसहा, एकूण साडेएकोणतीस फूट. तीन मीटरच्या ११० मिमी टाईप बीच्या तीन नळ्या. ४५ चे बेंड दोन, डोअर टी पायाला एक आणि संडासाला एक, बाथरूमच्या फांदीला एक टी, काऊल एक. क्लॅम्प सहा: प्रत्येक सॉकेटखाली एक घट्ट, मधले सैल. गाडायची लाईन ४० फूट, पाच नळ्या घ्या, एक कापाकापीत जाते. चेंबर तीन: शाफ्टशी, वळणावर, टाकीच्या आधी. चेंबरच्या तळाला अर्धगोल पन्हाळ आणि दोन्ही बाजूंनी तिच्याकडे उतार, सपाट तळ ठेवला की मैला तिथेच बसतो.

आता एक गोष्ट जवळून बघा, कारण ती घाईत सगळे चुकवतात. रिंगच्या जोडाला नळी कापली की टोक कानशीने तिरपं करायचं, नाहीतर रिंग खोबणीतून उलटी होते. रिंगला साबणाचं पाणी लावायचं; ग्रीस किंवा ऑइल नाही, त्याने रबर फुगतं. नळी पूर्ण आत ढकलायची, सॉकेटच्या काठाशी पेन्सिलची रेघ मारायची, मग १० मिमी मागे ओढायची. रेघ बाहेर दिसली पाहिजे. पश्चिमेच्या भिंतीवर उन्हात नळी तापते. ४० अंशांच्या फरकाला तीन मीटर नळी आठ-साडेआठ मिमी वाढते. ती जागा ठेवली नाही तर नळी धनुष्यासारखी वाकते किंवा टीची मान फुटते. सोल्युशनचे जोड सकाळी करा, दुपारी डबीतून काढेपर्यंत सुकतं.

नवशिका अमळनेर
आणि टेस्टिंग? प्लास्टरच्या आधी नेमकं काय करायचं?

रावेरकर ताई
दोन चाचण्या. पहिली हवेची. सगळी उघडी तोंडं प्लगने बंद करा. जे ट्रॅप बसले असतील ते पाण्याने भरा. एका प्लगमधून बारीक पारदर्शक नळी काढा, लेव्हल ट्यूबचा तुकडा चालतो. तिचा इंग्रजी यू सारखा आकार करून निम्मं पाणी भरा. दुसऱ्या प्लगमधून हळूच हवा फुंका, दोन पातळ्यांत ३८ मिमी फरक पडेपर्यंत. मग फुंकायच्या नळीचा कॉक बंद करून घड्याळ लावा. तीन मिनिटं फरक तसाच राहिला तर लाईन पक्की. उतरला तर जोडांवर साबणाचा फेस लावून बुडबुडा शोधा. फुंकायला पंप जोरात मारू नका, ट्रॅपचं पाणी उडतं.

दुसरी, भांडी बसल्यावर. प्रत्येक ट्रॅप काठोकाठ भरा. वरचा फ्लश आणि भरलेलं बेसिन एकदम सोडा. मग काळ्या रंगाची बारीक काडी प्रत्येक ट्रॅपमध्ये बुडवून ओली झालेली लांबी मोजा. तीनदा करा, दरवेळी आधी ट्रॅप भरून, आणि सगळ्यात कमी आलेला आकडा लिहा. २५ मिमीच्या खाली गेला तर त्या फांदीला हवा कमी आहे, प्लास्टर थांबवा. तुमच्या प्लॅनमध्ये हॉलच्या बेसिनचा आकडा आधी बघा, मग इथे टाका.